के, दोन-तीन

स्कोअरबुकात त्या बेसबॉल सामन्याच्या शेवटच्या चौकोनात एवढंच लिहिलंय: के, दोन-तीन. स्कोअरबुक वाचता येणाऱ्याला त्यातून सगळं कळतं. बॅटरचा तिसरा स्ट्राइक, म्हणजे तिसरी हुकलेली संधी, झाला, चेंडू बॅटरमागच्या कॅचरच्या हातून सुटला, कॅचरने तो उचलून फर्स्ट बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या पहिल्या गादीवर, फेकला आणि बॅटर बाद. के ही तीन स्ट्राइक झाल्याची खूण, दोन हा कॅचरचा आकडा, तीन हा फर्स्टवरच्या गड्याचा. नेरुळची नोव्हेंबरातली दुपार, खाडीकडून वारा सुटलेला. शेवटची इनिंग, दोन आउट, थर्डवर रनर, बरोबरीला एकच रन हवा. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, तो मुद्दाम खाली टाकला. पहिल्या वर्षाच्या त्या मुलाने बॅट फिरवली, चेंडू मातीत आपटला आणि कॅचरच्या पायांमधून निसटून मागच्या दोरीपर्यंत गेला. थर्डवरचा रनर होमवर, म्हणजे बॅटरच्या जागी, पोचलासुद्धा. बाकावरचे सगळे उठून ‘पळ, पळ’ म्हणून ओरडत होते, आणि ज्याने पळायचं तो हेल्मेट काढत, मान खाली घालून बाकाकडे चालत येत होता. सगळे आपल्यावर चिडलेत असंच त्याला वाटलं असणार.

नियम साधा आहे. तिसरा स्ट्राइक कॅचरने टप्पा पडण्याआधी पकडला नाही, आणि फर्स्ट बेस रिकामा असेल किंवा दोन आउट झालेले असतील, तर बॅटर लगेच बाद होत नाही. त्याला फर्स्टकडे पळता येतं. होमपासून फर्स्ट २७.४३ मीटर, म्हणजे ९० फूट. कॉलेजातला बरा पळणारा मुलगा बॅट फिरवून निघाला तरी साडेचार-पाच सेकंदांत पोचतो. कॅचरला मास्क उडवायचा, मागे वळायचं, सात-आठ मीटर पळायचं, चेंडू उचलायचा आणि परत वळून ९० फुटांहून लांब फेक करायची. शर्यत अगदी बरोबरीची होते, शिवाय घाईतली फेक फर्स्टवाल्याच्या डोक्यावरून जाण्याची शक्यताही बरीच. तो पळाला असता तर सेफ झालाच असता असं नाही. पण शर्यत झालीच नाही.

हार फारशी सलली नाही. सलत राहिलं ते वेगळंच. हा नियम त्या मुलाला पाठ होता. विचारलं असतं तर त्याने घडाघडा म्हणून दाखवला असता. त्यात तो शाळेपासून क्रिकेट खेळलेला. किपरच्या हातून चेंडू सुटला की समोरच्याला नुसत्या नजरेने खुणावून बायची धाव चोरायची, यात ही मुलं पटाईत असतात. कॅचरमागे पडलेला चेंडू आणि किपरमागे पडलेला चेंडू, पळणाऱ्याच्या पायांना यात काय फरक? मग पाय हलले का नाहीत? माझ्या मते कारण एकच. दोन महिने सगळ्यांनी मिळून त्याला क्रिकेट विसरायला लावलं होतं, आणि त्याने ते मनापासून केलं.

‘क्रिकेट विसरा.’ बेसबॉलला आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी हेच ऐकवलं जातं.

नवी मुंबईतल्या एखाद्या मध्यम कॉलेजचा बेसबॉल संघ कसा जमतो ते पाहिलं की हा सल्ला किती उधळपट्टीचा आहे ते कळतं. जिमखान्याच्या फळ्यावर नोटीस लागते. येतात कोण, तर कॉलेजच्या क्रिकेट निवडीत मागे राहिलेले चार-पाच जण, शाळेत सॉफ्टबॉल खेळलेले दोघं-तिघं, एखादा भालाफेकवाला, एखादा कबड्डीतला, आणि मित्र आला म्हणून सोबत आलेला एक. सॉफ्टबॉलवाले पहिल्या दिवसापासून उपयोगी, कारण नियम जवळपास तेच. पण त्यांचे बेस ६० फुटांवर असतात. ९० फुटांवर आल्यावर त्यांचा प्रत्येक अंदाज चुकतो: थर्डवरून फर्स्टला केलेली फेक दोन टप्पे खात पोचते आणि स्टीलला, म्हणजे फटक्याशिवाय पुढचा बेस चोरायला, निघालेला रनर अर्ध्या वाटेत सापडतो. भालाफेकवाल्याकडे सगळे आशेने बघतात. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं, हे बहुतेक पी. टी. सरांना ठाऊक असतं. अशा मुलाचा हात जोरदार असतो खरा, पण भाला धावत येऊन वरच्या कोनात सोडायचा असतो. पिचरला एका पट्टीला पाय लावून, होमच्या १७ इंच रुंदीच्या प्लेटवरून, बॅटरच्या गुडघ्याच्या वर आणि छातीच्या खाली चेंडू न्यायचा असतो. तो हात तयार व्हायला निदान एक हंगाम जातो. तोवर संघ उभा राहतो तो क्रिकेटवाल्यांच्याच जिवावर.

मैदान पाऊस ओसरल्यावर मिळतं, म्हणून पावसाळ्यातलं पहिलं काम ग्लोव्हचं. नवा ग्लोव्ह पुठ्ठ्यासारखा ताठ असतो. तो हाताने मिटत नाही आणि आलेला चेंडू त्यातून उसळून बाहेर पडतो. त्याला मऊ करायचा तर खिशाच्या जागी आणि अंगठ्याच्या सांध्यावर कातड्याच्या क्रीमचा किंवा व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवायचा, मग आत चेंडू ठेवून दोरीने बांधून रात्रभर ठेवायचा. तेल ओतणारे पुष्कळ असतात. तेल प्यायलेला ग्लोव्ह जड होतो, लोंबतो, आणि आपल्या दमट हवेत त्याच्यावर हिरवी बुरशी लवकर धरते. जुन्या ग्लोव्हचं दुखणं वेगळं. बोटांमधली जाळी जिने विणलेली असते ती चामड्याची वादी तुटते आणि बदली वादी सहज मिळत नाही. स्टेशनाबाहेरचा चांभार बुटाच्या जाड लेसने ती जाळी परत विणून देतो, आणि ती लेस हंगामभर टिकते. डावखुऱ्यासाठी उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह बहुधा एकच असतो. तो ज्याच्याकडे, त्याची फर्स्ट बेसवरची जागा जवळपास पक्की. पावसाळ्यातलं दुसरं काम स्लाइडचं. मोठी ताडपत्री गवतावर पसरायची, साबणाचं पाणी ओतायचं आणि एकेकाने धावत येऊन एक पाय दुमडून बसत घसरायचं. हात वर ठेवायचे, कारण तळवा टेकला की मनगट मुडपतं. ही सवय ओल्यात झाली नाही तर पुढे सुक्या मुरमावर मांडी सोलवटून घ्यायला कुणी धजत नाही.

मैदान आखायला चार माणसं, ५० मीटरचा टेप, सुतळी, खुंट्या आणि फक्कीचं पोतं लागतं. नियमपुस्तकात म्हटलंय की होमपासून सेकंडकडे जाणारी रेषा ईशान्य आणि पूर्व यांच्या मधोमध असावी, म्हणजे दुपारचं ऊन बॅटरच्या डोळ्यांत जात नाही. आपल्याकडे दिशा ठरते ती मधलं क्रिकेटचं पिच चुकवण्यासाठी आणि सोसायटीच्या खिडक्या वाचवण्यासाठी. होमच्या मागच्या टोकाला खुंटी ठोकायची आणि तिथून ३८.७९ मीटरवर सेकंडची खुंटी. मग होमवरून २७.४३ आणि सेकंडवरून २७.४३ अशी दोन मापं एकदम ताणायची. ती जिथे एकमेकांना मिळतात तिथे एका बाजूला फर्स्ट, दुसऱ्या बाजूला थर्ड. टेप एकच असला तर सुतळीला गाठ मारून दुसरं माप घेतात, पण नायलॉनची सुतळी ताणते आणि चौकोन एका अंगाला कलतो. म्हणून होम ते सेकंड आणि फर्स्ट ते थर्ड ही दोन्ही अंतरं शेवटी परत मोजून ती सारखी भरतायत ना ते बघायचं. फर्स्ट आणि थर्डच्या गाद्या आखलेल्या चौकोनाच्या आत बसतात. सेकंडची गादी मात्र खुंटी बरोबर मध्यभागी येईल अशी ठेवायची.

पिचरची पट्टी होमच्या टोकापासून १८.४४ मीटरवर. हमखास चूक होते ती इथे. होम ते सेकंड यांचा मध्य १९.४ मीटरच्या आसपास येतो, आणि पट्टी तिथेच असावी असं डोळ्याला वाटत राहतं. अंदाजाने ठोकलेली पट्टी जवळजवळ एक मीटर मागे जाते, पिचरचे चेंडू खाली पडू लागतात, आणि तासभर सगळे त्याच्या खांद्याला दोष देत बसतात.

फक्की संपत आली की सगळ्यांत आधी वगळलं जातं ते होमभोवतीचं १३ फूट त्रिज्येचं वर्तुळ. फाउलच्या, म्हणजे चेंडू मैदानात की बाहेर हे ठरवणाऱ्या, रेघा हव्यातच, बॅटरचे चौकोन हवेत, वर्तुळाशिवाय चालतं असं सगळ्यांना वाटतं. खरं तर मोठ्या मैदानांवर तिथे मातीचाच गोल असतो आणि त्याला काम आहे. तिसरा स्ट्राइक सुटलाय हे लक्षात न आलेला बॅटर त्या गोलातून बाहेर पडला की बाद धरतात. आत आहे तोवर त्याला आठवायला, ऐकायला, वळायला अवकाश असतो. त्या दिवशीही वर्तुळ नव्हतं. पांढरी रेघ असती तर तो मुलगा तिच्यापाशी थबकला असता का, सांगता येत नाही. मात्र वर्तुळाला दोन-तीन घमेल्यांहून जास्त फक्की लागत नाही.

क्रिकेटवाल्यांकडचं कामाचं काय, तर पहिली फेक. सीमारेषेवरून किपरच्या ग्लोव्हात चेंडू आणणाऱ्या मुलाचा खांदा आयताच तयार असतो. त्याला पकड तेवढी शिकवायची. क्रिकेटच्या चेंडूची शिवण मधोमध एका पट्ट्यात असते. बेसबॉलची शिवण १०८ दुहेरी टाक्यांची, सगळ्या चेंडूवरून वळणं घेत फिरणारी. ती जिथे घोड्याच्या नालासारखी वळते तिथे पहिली दोन बोटं शिवणीला आडवी टेकवायची, अंगठा खाली. असा सोडलेला चेंडू मागे फिरत सरळ जातो. बोटं शिवणीला धरून उभी पडली तर चेंडू शेवटच्या टप्प्यात एका अंगाला सरकतो आणि फर्स्टवाल्याचा पाय गादीवरून सुटतो. चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा दहा-पंधरा ग्रॅमने हलका. त्यामुळे सुरुवातीच्या फेका उंच जातात. आठवडाभरात हात आपोआप जुळवून घेतो, त्यावर बोलत बसायचं नाही.

झेलाचं मात्र उलट. क्रिकेटमध्ये ओंजळ करून चेंडू अंगाशी घेण्याची सवय लहानपणापासूनची. ग्लोव्ह घालून छातीवरचा चेंडू तसा घ्यायला गेलं की तो ग्लोव्हच्या टाचेला लागून हनुवटीवर येतो. कमरेच्या वरच्या चेंडूला बोटं आभाळाकडे, खालच्याला जमिनीकडे, एवढं एकच वाक्य रोज ओरडावं लागतं. जमिनीवरून येणाऱ्या चेंडूला क्रिकेटवाला एक गुडघा टेकून आडवा होतो. चेंडू अडतो, पण तो उठेपर्यंत बॅटर फर्स्टला पोचलेला असतो. इथे दोन्ही पायांवर राहूनच खाली बसायचं, ग्लोव्ह आधी जमिनीला लावायचा आणि चेंडूबरोबर वर आणायचा. वरून खाली झडप घातली की चेंडू ग्लोव्हखालून निघून जातो. तरीही स्लिपमध्ये उभा राहिलेला मुलगा शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्डच्या मधल्या जागी, लावून बघावा. चेंडू येताना त्याचे हात मागे सैल पडतात. हे शिकवून येत नाही, आणि आपल्या मुरमाच्या मैदानावर, जिथे खडा लागून चेंडू कुठेही उडतो, त्याची किंमत फार आहे.

बॅटिंगमध्ये घासाघीस जास्त. सरळ बॅटने खेळायचं, चेंडूच्या टप्प्यापर्यंत पाय न्यायचा, मनगटाने वळवायचं हे सगळं बाजूला ठेवावं लागतं. चेंडूला टप्पाच नाही, आणि मागे वळवलेला फाउल. लेट कट हा इथे फक्त एक स्ट्राइक असतो. वजन मागच्या पायावर धरून ठेवायचं, पुढचा पाय हलकेच टेकायचा, आधी कंबर फिरवायची आणि मग हात. क्रिकेटवाला हात आधी टाकतो, म्हणून त्याचे चेंडू पिचरकडे सुळसुळत जातात. पण बचावाची हीच सवय बंटला, म्हणजे बॅट नुसती लावून चेंडू जवळच पाडायला, सोन्यासारखी. लहान संघ मोठे फटके मारून जिंकत नाही. वॉक (चार चुकीचे चेंडू सोडून मिळालेला फर्स्ट बेस), स्टील, बंट आणि समोरच्याची चुकलेली फेक यांतून रन येतात. बंटला बॅट स्ट्राइक झोनच्या (गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्याच्या) वरच्या कडेला आडवी धरायची, वरचा हात जाड भागामागे, बोटं बॅटच्या पाठीमागे दडवलेली. बोटं पुढे राहिली तर चेंडू आणि बॅट यांच्यात चेचतात. खालच्या चेंडूसाठी गुडघे वाकवायचे. बॅट खाली नेली की चेंडू वर उडतो आणि सोपा झेल होतो. दोन स्ट्राइक झाल्यावर बंट फाउल गेला तर बाद, हे मात्र पुनःपुन्हा सांगावं लागतं. ज्याने मुंबईच्या मैदानांवर ओल्या पिचवर मऊ हातांनी चेंडू पायाशी पाडलाय, त्याचा बंट फर्स्टच्या रेघेवर मेल्यासारखा पडून राहतो. तो बघताना आनंद होतो.

धावण्यातही तसंच. बॅट टाकून पळायचं हे पहिल्या आठवड्यात कुणालाच जमत नाही. सगळे बॅट घेऊन फर्स्टला पोचतात आणि गादीवर टेकवतात. फर्स्टला न थांबता सरळ पुढे पळत जायचं, सेकंडला आणि थर्डला मात्र गादीवरच थांबायचं, नाहीतर टॅग, म्हणजे चेंडू अंगाला लावून बाद. पण बेसवर उभा असलेला रनर म्हणजे नॉन-स्ट्रायकरच. चेंडू सुटण्याआधी दोन पावलं पुढे सरकणं, फिल्डरचा फेकीचा हात कुठला ते बघणं, चेंडू मागे गेला तर निघणं, सगळं ओळखीचं. गोलंदाजाने क्रीज सोडलेल्या नॉन-स्ट्रायकरला बाद करावं तसा पिचर इथे फर्स्टवर चेंडू फेकतो. ‘तू नॉन-स्ट्रायकर आहेस, पाय किती बाहेर न्यायचा तूच ठरव,’ एवढं सांगितलं की मुलगा लीड घ्यायला शिकतो. तासभर फळ्यावर बाण काढून जे समजत नाही ते असं समजतं.

पिचरचा प्रश्न मात्र क्रिकेटने सुटत नाही. गोलंदाजाचा ताठ हात, धावत येणं, टप्पा, सगळंच निराळं. त्यातून मैदान सपाट. नियमाप्रमाणे पिचरची पट्टी होमच्या पातळीपेक्षा १० इंच उंच हवी, आणि पट्टीच्या पुढे ६ इंचांपासून दर फुटाला १ इंच असा उतार. क्रिकेटसाठीही वापरात असलेल्या मैदानावर मातीचा ढीग कोण करू देणार? मग सगळा सराव सपाटीवर होतो, आणि एखाद्या सामन्याला खरा माउंड, म्हणजे असा उंचवटा, मिळाला की पुढचा पाय ज्या क्षणी टेकायला हवा त्या क्षणी टेकत नाही. जमीन खाली असते. हाताचा आणि पायाचा मेळ सुटतो, चेंडू वर राहतो, आणि पहिल्या इनिंगमध्येच चार वॉक होतात. शिवाय पिचर दोनच. स्पर्धेत लागोपाठ दिवशी सामने आले की त्याच हाताला परत उभं करण्याचा मोह सगळ्यांना होतो. शंभरच्या आसपास चेंडू टाकलेल्या खांद्याला निदान चार दिवस सुट्टी हवी. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय असं मुलगा म्हणाला की त्या दिवशी त्याच्या हातात चेंडू द्यायचा नाही, मग सामना गेला तरी चालेल. यावर तडजोड नाही. या मुलांना पुढे उभं आयुष्य त्या हाताने काम करायचंय.

कॅचर हा बहुधा क्रिकेटमधला किपर असतो, आणि तो दुप्पट राबतो. मास्क, छातीचं कवच, पायांचे गार्ड, आतला गार्ड असा सगळ्या संघात एकच संच. तो घामाने भिजलेला, दुसऱ्या दिवशी तसाच ओला. पायांच्या गार्डचे हूक बाहेरच्या बाजूला आले पाहिजेत. आत आले तर पळताना एकमेकांत अडकतात आणि कॅचर तोंडावर पडतो. किपर बाजूला सरकून चेंडू घेतो. कॅचरने मातीतला चेंडू पकडायला जायचंच नाही. दोन्ही गुडघ्यांवर पडायचं, ग्लोव्ह पायांमधल्या फटीत लावायचा, खांदे पुढे झुकवायचे, हनुवटी छातीला चिकटवायची आणि चेंडू अंगावर घेऊन समोर पाडायचा. हे रोज करवून घेतात ते टेनिसच्या चेंडूने सुरू करून. त्या नोव्हेंबरच्या दुपारी समोरच्या संघाचा कॅचर बाजूला सरकला होता, म्हणूनच चेंडू त्याच्या पायांमधून गेला. दोन्ही बाजूंना तीच किपरची सवय, तोच नवशिकेपणा. चुकीचा फायदा ज्याच्या नशिबात होता तो बाकाकडे निघाला होता, एवढंच.

राइट फील्डरबद्दल, म्हणजे फर्स्टच्या मागे दूर उभ्या राहणाऱ्याबद्दल, सांगायलाच हवं. कमजोर संघात जो सगळ्यांत कच्चा त्याला तिथे उभं करतात, कारण तिथे चेंडू कमी जातात. पण इनफील्डमधून, म्हणजे बेसभोवतीच्या आतल्या भागातून, फर्स्टला फेक झाली की प्रत्येक वेळी त्याने फर्स्टच्या मागे धावत यायचं असतं, फेक चुकली तर अडवायला. वीस वेळा धावावं तेव्हा एकदा कामी येतं. स्कोअरबुकात त्याला कुठेच खूण नाही. त्याचा नऊ आकडा लिहिला जातो तो त्याने चेंडू हाताळला तरच. मित्रासोबत आलेला तो मुलगा हंगामभर तिथे धावत राहिला, ऊन डोळ्यांवर घेत, आणि संध्याकाळी ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बॅटांची पिशवी दोन गुडघ्यांत धरून ठाण्यापर्यंत उभा राहून गेला. क्रिकेटमध्ये फेकीच्या मागे बॅकअपला जाणं हे त्याला आधीपासूनच माहीत होतं. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी विसरायलाही लावलं नव्हतं. बाकी कुणी नाही, पण हा एक मुलगा त्या हंगामात पहिल्यापासून शेवटपर्यंत बेसबॉल बरोबर खेळला, असं माझं मत आहे.

२०२८ ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही खेळले जाणार आहेत. आपल्या मैदानांवर तर ते कधीपासून शेजारी शेजारी आहेत, एकाच मुरमावर, बऱ्याचदा एकाच मुलाच्या अंगात. त्यांना एकमेकांपासून तोडण्यात इतकी शक्ती का घालवायची? तिसऱ्या स्ट्राइकच्या सरावाला आता फळा लागत नाही. सरावाच्या शेवटी सगळे ओळीने बॅट घेऊन उभे राहतात, पी. टी. सर चेंडू मातीत टाकतात, बॅट फिरते, चेंडू मागे जातो आणि बाकावरून सगळे एकच शब्द ओरडतात: ‘बाय!’ बॅट खाली पडते आणि मुलगा फर्स्टकडे सुटतो. फर्स्टला आधीच रनर असेल आणि दोनपेक्षा कमी आउट असतील तर ओरडायचं नाही, ही अट बाकावरच्यांनी सांभाळायची. त्यामुळे बाकावरचेही आउट मोजू लागलेत, आणि तो फायदा कुणी धरलाच नव्हता.

माउंडचं काम उरलंय. मातीचा ढीग करता येत नसेल तर लाकडी उतार करावा असं ठरतंय. ८ बाय ४ फुटांच्या १९ मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लायचे दोन तुकडे, खाली लाकडी चौकट. मागच्या भागात पट्टी आणि तिच्या मागे-पुढे उभं राहण्यापुरती सपाट जागा, तिची उंची १० इंच. तिथून ६ फूट उतार, म्हणजे पुढच्या टोकाला उंची ४ इंच उरते, आणि पिचरचा पुढचा पाय त्याच्या आतच टेकतो. वर क्रिकेटची जुनी काथ्याची मॅट ठोकायची, नाहीतर स्पाइक घसरतात. दोन तुकडे वेगळे होतील असे नट-बोल्ट लावायचे, कारण जिमखान्याच्या खोलीचं दार तीन फुटांचं आहे आणि चार फुटांचा तुकडा त्यातून आडवा करूनच न्यावा लागेल. सुतार पावसाळ्यात मोकळा असतो. नोटीस लागायच्या आत मापं त्याच्याकडे जायला हवीत.